पेट्रोल गाडीचे इंजेक्टर काढणं आणि साफ करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजमध्ये रोज कुणीतरी विचारतं, "इंजेक्टर क्लीनिंग करून टाकू का?" इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. इंजेक्टर काढणं अवघड नाही, तो काढायची गरज आहे का हे ओळखणं अवघड आहे. म्हणून खालच्या उत्तरांत पान्यापेक्षा तपासणीवर जास्त लिहिलं आहे.

ही माहिती कोणत्या गाडीला लागू आहे?

साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल इंजिनला. म्हणजे वॅगन आर, अल्टो, स्विफ्ट, सँट्रो, आय-१० अशा गाड्यांची नेहमीची पेट्रोल इंजिनं. यांत इंजेक्टर इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, व्हॉल्व्हच्या अलीकडे बसलेला असतो आणि रेलमधलं (सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) पेट्रोलचं प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं. डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल आणि कॉमन रेल डिझेल यांना हे लागू नाही. त्यांची प्रेशरं शेकडो आणि हजारो बारमध्ये असतात. त्यांच्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

इंजेक्टर नेमकं करतो काय?

करंगळीएवढा एक विजेवर चालणारा नळ समजा. आत कॉइल आहे, करंट मिळाला की सुई केसाच्या जाडीएवढी उचलली जाते, पेट्रोलचा फवारा उडतो, करंट गेला की स्प्रिंग सुई खाली बसवते. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना हा नळ एका वेळी काही मिलिसेकंदच उघडा असतो.

काम किती, तेही सांगतो. २००० आरपीएमला एक इंजेक्टर मिनिटाला १००० वेळा उघडतो. लहान गाडी ताशी ६० ने टॉप गिअरमध्ये साधारण याच आरपीएमच्या आसपास असते, म्हणजे किलोमीटरला हजार वेळा. लाख किलोमीटरला दहा कोटी वेळा! आणि तरी बहुतेक इंजेक्टर तक्रार न करता चालतात. या वस्तूबद्दल मला मनापासून आदर आहे.

मग त्यात घाण येते कुठून?

लोकांना वाटतं, पंपावरच्या खराब पेट्रोलमुळे. तो भाग आहेच, पण मोठं कारण वेगळं आहे. गाडी बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि पुढचा थोडा वेळ इंजिनच्या वरच्या भागाचं तापमान उलट वाढतं. इंजेक्टरच्या टोकाला चिकटलेल्या पेट्रोलमधला हलका भाग त्या उष्णतेने उडून जातो, जड भाग मागे राहतो. चहाच्या गाळणीला जशी तांबूस पुटं चढत जातात तशी ती टोकाला चढतात. म्हणून रोज हायवेला शंभर किलोमीटर पळणारी गाडी स्वच्छ राहते, आणि शाळा, भाजी, बँक अशी दिवसातून सहा वेळा चालू-बंद होणारी गाडी आधी तुंबते.

गाडी मिसिंग करते (इंजिनचा ठोका मधेच चुकतो), सिग्नलला हादरते. इंजेक्टरच असेल ना?

बहुधा नाही. आधी स्वस्त आणि सोप्या गोष्टी बघा. स्पार्क प्लग किती किलोमीटर झालेत? एअर फिल्टर कधी बदलला? थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेवर, काळा थर आहे का? व्हॅक्यूमचा एखादा रबरी पाइप चिरला आहे का? चिरलेल्या पाइपमधून फुसफुस ऐकू येते, कान जवळ नेला की कळतं. फक्त पंख्याच्या पट्ट्यापासून लांब राहा, आणि गळ्यात ओढणी किंवा मफलर असेल तर आधी काढून ठेवा.

यानंतर कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधायचं. इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा आणि पुन्हा लावा. चांगल्या सिलिंडरचं कनेक्टर काढलं की इंजिन लगेच लंगडतं. जिथे काढूनही काही फरक पडत नाही तो सिलिंडर आजारी. हे इंजेक्टरच्या कनेक्टरवर करा, स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या नको. कॉइल काढली तर न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा भाग तापून खराब होऊ शकतो.

आजारी सिलिंडर सापडला की इंजिन बंद करा आणि त्याची इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाका. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर दोष कॉइलचा. प्लगचंही तसंच. दोन्ही बदलूनही मिसिंग जागचं हललं नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) ठीक आहे, मगच इंजेक्टरकडे बोट दाखवा.

मल्टिमीटर असेल तर इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स बघा. या गाड्यांत तो साधारण १२ ते १६ ओहम मिळतो. तीन इंजेक्टर १२ च्या आसपास आणि एक ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवत असेल तर तो साफ करून काही उपयोग नाही, इंजेक्टरच्या आतली कॉइल तुटली आहे.

स्कॅनरवर पी-०१७१ हा कोड आला. मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर तुंबलेत.

या कोडचा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कारणं बरीच: व्हॅक्यूम लीक, कमजोर पंप, चोक झालेला फिल्टर, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ, आणि हो, इंजेक्टरही. फ्यूएल प्रेशर गेज लावून प्रेशर मोजल्याशिवाय जो इंजेक्टरचं नाव घेतो तो अंदाज सांगतोय. पी-०३०१ ते पी-०३०४ हे मिसिंगचे कोड मात्र उपयोगाचे आहेत, शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो.

मायलेज कमी झालं. इंजेक्टर साफ केल्यावर परत येईल का?

आधी टायरची हवा आणि ब्रेक जॅम आहेत का ते बघा. दुसरं म्हणजे पेट्रोलच बदललं आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत अशा मिश्रणात ६ ते ७ टक्के ऊर्जा कमीच भरते. एवढा फरक कुठलाही मेकॅनिक इंजेक्टर धुऊन परत आणू शकत नाही. तुमचा तोटा त्याहून बराच जास्त असेल आणि सोबत हादरे किंवा पिकअपची तक्रार असेल, तर तपासणीत अर्थ आहे.

इथेनॉल पाणी ओढून घेतं हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी कमी पेट्रोलवर उभी ठेवू नका. आणि जुन्या टाकीत बसलेला राळ इथेनॉलने सुटतो, तो वाहत येऊन फिल्टर आणि इंजेक्टरच्या जाळीत अडकतो.

दर सर्व्हिसला बिलात "इंजेक्टर क्लीनिंग" असतं. गरज आहे का?

त्रास नसेल तर नाही. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतला तक्ता उघडा. त्यात ते काम लिहिलेलं नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

टाकीत ओतायच्या बाटलीने फरक पडतो?

थोड्या घाणीवर पडतो, पण आत काय आहे ते बघून घ्या. पॉलिइथरअमीन, म्हणजे पीईए असलेली बाटली घ्या. हे रसायन पुटं खरंच सोडवतं. बाटलीवर दिलेलं प्रमाण पाळा, दुप्पट ओतून दुप्पट साफ होत नाही. ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत टाकलेलं बरं, कारण त्याचा थोडा अंश ऑइलमध्ये उतरतो. पूर्ण बसलेल्या इंजेक्टरवर मात्र बाटलीचा काही उपयोग नाही. जिथून पेट्रोलच जात नाही तिथे औषध कसं पोचणार?

घरी काढायचे तर तयारी काय?

१० आणि १२ ची गोटी, लांब एक्स्टेन्शन, बारीक पेचकस, ब्रश, धागे न सुटणारी स्वच्छ फडकी, हातमोजे, चष्मा, नव्या ओ-रिंगचा (इंजेक्टरभोवतीच्या गोल रबरी सीलचा) संच. आणि पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताच्या अंतरावर. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

जागा उघडी हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. बंद पार्किंगमध्ये, गॅस गीझरजवळ किंवा जवळच्या खोलीत देवापुढे निरांजन तेवत असताना हे काम करू नका. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, सकाळी पहिलं काम म्हणून घेतलेलं चांगलं.

प्रेशर कसं उतरवायचं?

हा टप्पा लोक गाळतात आणि अपघात इथेच होतात. गाडी रात्रभर उभी असली तरी रेलमध्ये प्रेशर राहू शकतं. बोल्ट ढिला केला की पेट्रोल डोळ्यांत उडतं.

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. त्यावरून फ्यूएल पंपाचा फ्यूज किंवा रिले शोधा आणि काढा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पंपाचं कनेक्टरही सापडतं. आता इंजिन सुरू करा. रेलमधलं पेट्रोल संपेल तसं ते धडपडत बंद पडेल. पुन्हा दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. मग किल्ली काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. एवढं करूनही पहिला जोड उघडताना त्यावर फडकं गुंडाळा, कारण थोडं पेट्रोल निघतंच. ते भिजलेलं फडकं कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

प्रत्यक्ष काढायचे कसे?

आधी फोटो काढा. मग रेलच्या आसपासची धूळ ब्रशने आणि हवेने साफ करा. हे नुसतं टापटिपीसाठी नाही. इंजेक्टर बाहेर आला की त्याच्या जागी सिलिंडरकडे जाणारी उघडी वाट राहते, बाजूला पडलेला वाळूचा कण त्यातून थेट आत जातो.

कनेक्टरचं लॉक दाबून ओढा, वायरला धरून नाही. जुन्या प्लॅस्टिकचं लॉक उन्हाने आणि उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, पेचकसाने हळूच उचला. रेलचे बोल्ट काढा. मग रेल दोन्ही टोकांना धरून सारख्या जोराने सरळ वर ओढा, किंचित डावी-उजवीकडे हलवत. ती सहज येत नाही, खालच्या ओ-रिंगा धरून बसलेल्या असतात. पेचकस घालून उचकटू नका. मॅनिफोल्ड (इंजिनला हवा पोचवणारा, इंजेक्टर ज्यात बसतात तो भाग) प्लॅस्टिकचा असेल तर कड तुटते, ॲल्युमिनियमचा असेल तर ओरखडा पडतो, आणि तिथूनच पुढे हवा ओढली जाते.

इंजेक्टर बाहेर आले की प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर लिहा आणि सगळी भोकं लगेच स्वच्छ फडक्याने बंद करा. मग क्लिपा काढून इंजेक्टर रेलपासून वेगळे करा.

जुन्या ओ-रिंग चांगल्या दिसतात. त्याच वापरू?

नको. एका इंजेक्टरला दोन असतात. वरची पेट्रोलचं प्रेशर धरते, ती गळली तर गरम इंजिनवर पेट्रोल. खालची हवा अडवते, ती गळली तर आयडल वर-खाली. काही रुपयांच्या वस्तूसाठी एवढी जोखीम घेऊ नये. दुकानात मागताना पेट्रोलची, व्हायटॉनची मागा. आकाराला जमते म्हणून नळाची किंवा साधी रबरी रिंग घातली तर ती पेट्रोलमध्ये फुगते.

शिकाऊ असताना माझ्या हातून घडलेलं सांगतो. एका जुन्या गाडीचे इंजेक्टर साफ केले, नव्या ओ-रिंगा घातल्या, बसवले. गाडी सुरू केली तर आयडल १५०० च्या खाली येईना. दोन तास मी थ्रॉटल, सेन्सर, पाइप सगळं तपासत राहिलो. शेवटी उस्तादांनी रेल परत काढायला लावली आणि टॉर्च मारून भोकात बघायला सांगितलं. दोन नंबरच्या भोकात जुनी ओ-रिंग तळाशी चिकटून बसली होती, काळ्यावर काळी, दिसतही नव्हती. नवी तिच्यावर चढून तिरकी बसली होती. तेव्हापासून काढलेल्या ओ-रिंगा मी फरशीवर ओळीने मांडून मोजतो. तीन इंजेक्टर असतील तर सहा. पाच भरल्या तर सहावी सापडेपर्यंत पुढचं काम नाही.

घरी साफ करता येतात का? व्हिडिओत बॅटरी लावून करतात.

बाहेरून टोक पुसणं, मऊ ब्रशने आणि क्लीनर स्प्रेने पुटं काढणं, एवढं घरी करा. टोकाच्या भोकात काहीही घालायचं नाही. जुनी माणसं स्टोव्हची पिन घेऊन येतात. स्टोव्हला ती चालायची, कारण तिथे भोक मोकळं झालं की काम झालं. इथे भोकाचा आकार आणि कडा यांवर फवारा ठरतो. पिन फिरली की तो इंजेक्टर कायमचा गेला.

बॅटरीची पद्धत, म्हणजे बॅटरीच्या करंटने इंजेक्टर उघडून आत स्प्रे मारणं, मी सुचवत नाही. १२ व्होल्ट सतत धरून ठेवले तर कॉइल तापून जळते, आणि तारेचं टोक टेकवताना पडणारी ठिणगी ज्वलनशील स्प्रेच्या शेजारी पडते. शिवाय फवारा निघाला तरी चारही सारखे आहेत का हे कळत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो. इंजेक्टर स्वतः काढा, मशीनवर साफ करून आणा, स्वतः बसवा. मजुरी वाचते आणि काम चोख होतं. थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवणं तर नकोच, प्लॅस्टिक आणि सील दोन्ही खराब होतात.

मशीनवर काय करतात? मी काय बघायचं?

समोर उभे राहा आणि साफ करण्याच्या आधी चाचणी करायला सांगा. मशीनवर इंजेक्टर ओळीने लावतात, खाली काचेच्या नळ्या, त्यावर मिलिलिटरच्या खुणा. प्रेशर देऊन ठरावीक वेळ सगळे सारखेच उडवतात.

गेल्या पावसाळ्यात एका तीन सिलिंडर गाडीचे लावले होते. दोघांचा फवारा बारीक धुक्यासारखा, मागच्या दिव्यात शंकूचा आकार स्पष्ट दिसत होता. तिसऱ्यातून धुक्याऐवजी एक तिरकी धार, नळीच्या काचेवर आपटून ओघळत होती. नळ्यांत ४८, ४७ आणि ३६ मिली. गाडीचा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरवर सगळ्या सिलिंडरांची सरासरी बघतो, त्यामुळे त्या एकाची तूट भरायला तो तिघांनाही जास्त पेट्रोल देत होता. दोन सिलिंडर गरजेपेक्षा जास्त पीत होते, एक उपाशी. अल्ट्रासॉनिकच्या (ध्वनिलहरींनी घाण सोडवणाऱ्या) टाकीत टोकं बुडवून, सोबत इंजेक्टर उघड-बंद करत वीस मिनिटं चालवलं. दुसऱ्या फेरीत ४९, ४८, ४७. गाडीवाल्या काकांनी त्या नळ्यांचा फोटो काढून घेतला.

सगळ्यांत ५ टक्क्यांच्या आत फरक असला की मी समाधानी असतो. प्रेशरवर बंद ठेवून मिनिटभर गळती बघायची, थेंब लोंबला तर तो इंजेक्टर संशयित. वरच्या तोंडातली छोटी जाळी बदलायला सांगा. धुतलेल्या इंजेक्टरवर जुनी तुंबलेली जाळी ठेवण्यात अर्थ नाही.

गाडीवरच, न काढता साफ करणारं मशीन चालेल?

हलक्या पुटांना चालतं. पंप बंद करून रेलला क्लीनरचा डबा जोडतात, इंजिन त्यावरच चालवतात. फवारा दिसत नाही, जाळी तशीच राहते.

परत बसवताना?

ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा. ग्रीस आणि सिलिकॉन नको. इंजेक्टर आधी रेलमध्ये बसवा, क्लिप लावा, मग सगळी रेल एकदम सरळ खाली दाबा. ओ-रिंग बसल्याचं हाताला कळतं. प्रत्येक इंजेक्टर बोटाने थोडा फिरतो का बघा, फिरत नसेल तर रिंग चिमटली आहे. बोल्टचे पहिले आटे हातानेच धरा, ॲल्युमिनियमचे आटे गेले तर छोटं काम मोठं होतं. बोल्ट दोन्हीकडून थोडे थोडे आवळा, शेवटचा जोर पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कएवढाच.

फ्यूज आणि बॅटरी जोडली की लगेच सेल्फ मारू नका. किल्ली ऑन करा, पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणण्याचा आवाज येईल, ऑफ करा. असं तीन वेळा. मग टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा आणि वरच्या ओ-रिंगभोवती कोरडा टिश्यू फिरवा. ओलावा किंवा वास आला तर थांबा, सगळं परत उघडा. "थोडंसं आहे, बसेल" असं पेट्रोलच्या बाबतीत म्हणायचं नाही.

सुरुवातीला दोन-चार जास्त सेल्फ लागतील, रेलमधली हवा निघते. बॅटरी काढल्यामुळे आयडल काही किलोमीटर किंचित डगमगू शकतं. त्यानंतरही डगमगलं तर खालची ओ-रिंग तपासा.

माझी गाडी सीएनजीची आहे. पेट्रोल इंजेक्टरचा प्रश्नच नाही ना?

उलट जास्त आहे. गाडी पेट्रोलवर सुरू होते, मिनिटभरात गॅसवर जाते, आणि दिवसभर पेट्रोल इंजेक्टर गरम इंजिनवर रिकामे बसून भाजत राहतात. महिनोन्‌महिने टाकीत तेच पाच लिटर पेट्रोल शिळं होतं. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, काटा कायम तळाला असेल तर तोही जातो. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकी पावच्या वर ठेवा. गॅसचे इंजेक्टर आणि त्यांचा फिल्टर वेगळे असतात, ते सीएनजीच्या माहितगाराकडेच दाखवा.

डिझेलचे इंजेक्टर असेच काढता येतील?

नाही. नाशिकच्या त्र्यंबक रोडवरचं मायको सर्कल ज्या कारखान्यामुळे ओळखलं जातं, तिथे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. त्या कामाची अचूकता मायक्रॉनमध्ये मोजतात. कॉमन रेलचं प्रेशर १६०० बार आणि त्याहून वर जातं. बारीक गळतीची धार कातडीतून आत घुसते. दिसायला टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही, पण ताबडतोब ऑपरेशन लागू शकतं. असं झालं तर थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. शिवाय बऱ्याच डिझेल गाड्यांत नव्या इंजेक्टरचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो.

टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलमध्येही टोकाचं टेफ्लॉन सील खास हत्यारानेच बसतं. ती गाडी योग्य वर्कशॉपला द्या.

नवा कधी घ्यायचा?

कॉइल ओपन असेल, साफ करूनही थेंब गळत असेल, किंवा दोन फेऱ्यांनंतरही फवारा तिरकाच असेल तर. बदलताना बॉडीवरचा पार्ट नंबर जुळवा. कनेक्टर सारखं दिसलं म्हणून दुसऱ्या मॉडेलचा बसवला तर पेट्रोल सोडण्याचं प्रमाण वेगळं पडतं. एकच खराब असेल तर एकच बदला, फक्त बसवण्याआधी तो बाकीच्यांबरोबर मशीनवर एकदा लावून नळ्यांमधले आकडे बघून घ्या.